मेंढीचं रक्त, बैलाचं काळीज

काळ्या पट्टीवर आखलेले पांढरे गोल. एका गोलात मावशीच्या सीरमचा थेंब, त्याला लागून दुधासारख्या पांढऱ्या लॅटेक्सचा थेंब. लॅबमधल्या मुलानं प्लास्टिकच्या काडीनं दोन्ही थेंब एकजीव केले आणि पट्टी हातावर घेऊन सुपात दाणे घोळवावेत तशी हलकेच डुलवली. दोन मिनिटं झाली आणि दूध नासावं तसं ते पांढरं पाणी फुटलं, बारीक कण कण दिसू लागले. मुलानं कागदावर लिहिलं : आरए फॅक्टर, पॉझिटिव्ह.

मावशी मेळघाटातल्या धारणीची. लग्न होऊन तिथं आली ती चाळीस वर्षांपूर्वी, आणि तिथलीच झाली. त्या पावसाळ्यात तिच्या बोटांचे सांधे सुजले, घोटे सुजले, अधूनमधून कणकण यायची. घाटाखाली एका दवाखान्यात नेली. कागद पाहून तिथं सांगण्यात आलं की हा संधिवात आहे, शरीर स्वतःवरच उलटलं आहे, गोळ्या आता जन्मभर. गोळ्या सुरू झाल्या. परतताना सेमाडोहच्या वळणांवर एसटीच्या खिडकीशी बसून मावशी एवढंच म्हणाली, "रक्तानं सांगतलं म्हन्ते. मले त कोनी काही इचारलंच नाही, बाबू."

तिचं ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. रक्ताला काय विचारलं जातं, ते काय उत्तर देतं, आणि त्या उत्तरावर आपण कधीपासून विसंबायला लागलो, हे शोधत गेलो तर वाट थेट शंभर-सव्वाशे वर्षं मागे गेली.

सुरुवात होते बोकडांपासून. १९००-०१च्या सुमारास जर्मनीत पॉल एर्लिश आणि त्यांचे सहकारी युलियुस मोर्गेनरोट यांनी एका बोकडाचं रक्त दुसऱ्या बोकडात टोचून पाहिलं. दुसऱ्याच्या शरीरात त्या परक्या रक्तपेशी फोडणारी द्रव्यं तयार झाली. मात्र स्वतःच्या पेशी फोडणारं द्रव्य कुठल्याच बोकडात सापडलं नाही. एर्लिशनी त्यावरून म्हटलं की शरीराला स्वतःवर विष सोडण्याची धास्ती असते, आणि त्या धास्तीला त्यांनी 'हॉरर ऑटोटॉक्सिकस' असं लॅटिन नाव दिलं. खरं तर त्यांचं म्हणणं बारकाव्याचं होतं. असं विष निर्माण झालंच तर त्याला आवर घालणारी काही तरी सोय शरीरात असली पाहिजे, असा त्यांचा विचार होता. पण एर्लिश मोठे, त्यांचा शब्द मोठा. पुढच्या पिढ्यांनी त्याचा सरळ अर्थ घेतला की असं होऊच शकत नाही.

आणि ते होत होतं. १९०४ मध्ये व्हिएन्नात युलियुस डोनाट आणि कार्ल लँडस्टायनर एका विचित्र आजाराच्या मागे होते. काही माणसांना थंडी बाधली की लघवी काळपट लाल होते. या दोघांनी अशा रुग्णाच्या रक्ताची नळी आधी बर्फात ठेवली, मग अंगाच्या उबेइतकी गरम केली. नळीतलं सीरम लालभडक झालं, कारण रक्तपेशी फुटल्या होत्या. निरोग्याच्या रक्तात असं होत नव्हतं. रुग्णाच्याच सीरममधलं एक द्रव्य थंडीत त्याच्याच रक्तपेशींना चिकटत होतं आणि ऊब मिळताच त्यांना फोडत होतं. माणसाचं रक्त त्याच्यावरच उलटल्याचा नळीत दिसलेला हा पहिला पुरावा. डोनाट आणि लँडस्टायनर यांच्या नावानं ही चाचणी आजही केली जाते. तेव्हा मात्र तिच्याकडे एक चमत्कारिक अपवाद म्हणून पाहिलं गेलं. या आजाराच्या बहुतेक रुग्णांना उपदंश, म्हणजे गरमी, झालेली असायची. हा धागा लक्षात ठेवावा लागेल.

कारण दोनच वर्षांनी, १९०६ मध्ये, बर्लिनमध्ये ऑगस्ट फॉन वासरमन यांनी अल्बर्ट नाइसर आणि कार्ल ब्रुक यांच्यासह उपदंशासाठी रक्ताची चाचणी जाहीर केली. तिचं सामान एखाद्या जादूटोण्याच्या यादीसारखं वाटतं : मेंढीच्या रक्तपेशी, त्या पेशींविरुद्ध सशात तयार केलेलं सीरम, गिनीपिगचं ताजं सीरम, आणि उपदंशानं दगावलेल्या अर्भकाच्या यकृताचा अर्क. कल्पना मात्र सुरेख होती. रुग्णाच्या रक्तात उपदंशाविरुद्धची प्रतिपिंडं असतील तर ती यकृताच्या अर्काला जाऊन चिकटतील, आणि त्या झटापटीत गिनीपिगच्या सीरममधलं पेशी फोडणारं द्रव्य खर्ची पडेल. मग वरून मेंढीच्या पेशी घातल्या तरी त्या फुटणार नाहीत, नळीच्या तळाशी लाल गोळा होऊन बसतील. पेशी फुटल्या, नळी सारखी लाल झाली, तर माणूस सुटला. तळाशी गोळा बसला तर गरमी.

वर्षभरात कळलं की अर्भकाचं रोगी यकृत लागतच नाही. निरोगी अवयवाचा अर्कही तितकंच काम करतो. लँडस्टायनर याही शोधात होते. पुढे सगळ्यात स्वस्त आणि सोयीचं ठरलं ते बैलाचं काळीज, अल्कोहोलमध्ये भिजवून काढलेला त्याचा अर्क. इथं कुणी तरी थबकायला हवं होतं. उपदंशाच्या जंतूचा मागमूस नसलेल्या काळजाच्या अर्काला रुग्णाचं रक्त चिकटत होतं, म्हणजे ते रक्त नेमकं कुणाविरुद्ध होतं? १९०९ मध्ये वाइल आणि ब्राउन या दोघांनी हा प्रश्न विचारला आणि उत्तरही दिलं : ही प्रतिपिंडं जंतूविरुद्धची नाहीत, ती शरीराच्या स्वतःच्याच मोडलेल्या पेशींविरुद्धची आहेत. त्यांचं कुणी फारसं ऐकलं नाही. चाचणी चालत होती, निदान मिळत होतं, ते पुरे होतं. १९४१ मध्ये अमेरिकेत मेरी पँगबॉर्न यांनी त्या काळजातून नेमका पदार्थ वेगळा काढला. तो एक स्निग्ध पदार्थ निघाला. त्याचं नाव पडलं कार्डिओलिपिन, आणि त्याच्यावर उभी राहिली १९४६ची व्हीडीआरएल चाचणी. गरोदर बाईच्या कार्डावर ही चार अक्षरं आपल्याकडे वर्षानुवर्षं लिहिली गेली, मेळघाटातल्या बायांच्या कार्डावरही. बैलाच्या काळजाशी असलेलं तिचं नातं लिहिणाऱ्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

वासरमनची चाचणी जगभर गेली आणि लवकरच ध्यानात आलं की ती भलत्याच लोकांतही पॉझिटिव्ह येते. त्यात सगळ्यात ठळक होते कुष्ठरोगी. त्यांच्या मागोमाग हिवतापाचे रुग्ण. कुष्ठ झालेल्या माणसाला त्या काळी घर सुटायचं, गाव सुटायचं. आमच्या अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये तपोवन उभं केलं ते अशांसाठी. परतवाडा-अचलपूरला लागून कोठारा इथला लेप्रसी मिशनचा दवाखानाही अशांसाठी. ज्याच्या कपाळी आधीच एक बदनामी लिहिलेली, त्याच्या रक्तानं दुसरी बदनामी ओढवून घ्यावी, आणि तीही खोटी! किती जणांना या चाचणीपायी उपदंशाची विषारी औषधं भोगावी लागली असतील, किती बायकांवर नवऱ्यांनी संशय घेतला असेल, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

या चुकीतूनच वाट निघाली, आणि ती काढली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या जोसेफ अर्ल मूर यांनी. ते उपदंशाचे मोठे तज्ज्ञ. १९४९ मध्ये खुद्द उपदंशाच्या जंतूवर रुग्णाचं सीरम घालून तो निश्चल होतो का, हे पाहणारी चाचणी निघाली होती. तिच्या आधारानं मूर यांनी 'खोटे पॉझिटिव्ह' वेगळे काढले. उपदंश नाही, कुष्ठ नाही, हिवताप नाही, तरी वर्षानुवर्षं रक्त पॉझिटिव्ह येतं, अशी माणसं उरली. त्यात बाया जास्त. मूर यांनी त्यांना घरी पाठवून फाइल मिटली नाही, त्यांची वाटचाल पाहत राहिले. त्यांतल्या काही जणींना पुढे काही वर्षांनी ल्यूपस झाला : गालावर पुरळ, सांधे धरलेले, मूत्रपिंडाला सूज. रक्तानं आजाराची वर्दी वर्षानुवर्षं आधी दिली होती, फक्त ती भलत्याच आजाराच्या नावानं दिली होती. मूर आणि लुट्झ यांनी हे १९५५ मध्ये मांडलं. पुढे १९८३च्या सुमारास लंडनमध्ये ग्रॅहम ह्यूज आणि नायजेल हॅरिस यांच्या गटानं कार्डिओलिपिनविरुद्धची प्रतिपिंडं थेट मोजायची रीत काढली, तेव्हा आणखी एक गोष्ट उलगडली. ज्या बाईचे गर्भ एकामागून एक पडतात, पायाच्या शिरेत गुठळी होते, आणि जिची व्हीडीआरएल उगाच पॉझिटिव्ह येते, तिच्या चारित्र्यात खोट नसते. तिच्या रक्ताला गोठायची सवय लागलेली असते, आणि त्यावर इलाज आहे.

आता मावशीच्या लॅटेक्सकडे येतो.

ऑस्लोमध्ये एरिक वॉलर यांच्या टेबलावर वासरमनच्याच घरचं सामान होतं : मेंढीच्या रक्तपेशी आणि सशाचं सीरम. १९३७ मध्ये त्यांना दिसलं की एका संधिवाताच्या रुग्णाचं सीरम घातलं की सशाचं सीरम माखलेल्या या पेशी फुटत नाहीत, एकमेकींना चिकटून गठ्ठे करतात. रुग्णाच्या रक्तात असं काही होतं जे प्रतिपिंडांनाच जाऊन पकडत होतं. पहारेकऱ्यानं पहारेकऱ्याला धरावं तसं. त्यांनी हे १९४० मध्ये छापलं. त्याच वर्षी जर्मन सैन्य नॉर्वेत शिरलं आणि जगाला वाचायला उसंत राहिली नाही. १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हॅरी रोझ आणि सहकाऱ्यांनी तीच गोष्ट पुन्हा शोधली, म्हणून चाचणीला वॉलर-रोझ नाव पडलं. ती किचकट होती. मेंढी पाळायची, ससा टोचायचा, नळ्यांच्या रांगा लावायच्या. १९५६ मध्ये जॅक सिंगर आणि चार्ल्स प्लॉट्झ यांनी मेंढीच्या पेशीऐवजी लॅटेक्सचे बारीक मणी घेतले आणि त्यांवर माणसाचीच प्रतिपिंडं माखली. मेंढी गेली, ससा गेला, चाचणी एका थेंबात आली. म्हणून ती डोंगराच्या पायथ्याच्या लॅबपर्यंत पोचू शकली. हे उपकारच आहेत. पण थेंब सोपा झाला म्हणून त्याचा अर्थ सोपा झाला नाही. संधिवाताच्या शंभरातल्या सत्तर-ऐंशी जणांत हा फॅक्टर सापडतो, बाकीच्यांत सापडतच नाही. आणि म्हातारपणी, क्षयात, काविळीच्या काही प्रकारांत, हृदयाच्या झडपेला जंतू धरले तर, हिवतापात आणि कुष्ठात तो संधिवाताशिवायही येतो. ज्या रक्ताला वर्षानुवर्षं एखाद्या जंतूशी झुंजावं लागतं, त्यात प्रतिपिंडांची इतकी गर्दी होते की त्यांच्यावर नजर ठेवायला आणखी प्रतिपिंडं लागतात. मेळघाटातल्या माणसाचं रक्त हिवताप, क्षय, कुष्ठ या तिघांनाही ओळखून असतं.

१९४८ हे वर्ष आणखी एका कारणानं मोलाचं. मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्हज, हेलन रिचमंड आणि रॉबर्ट मॉर्टन यांना ल्यूपसच्या रुग्णांच्या अस्थिमज्जेत एक वेगळीच पेशी दिसली. पांढऱ्या पेशीनं जांभळट, गुळगुळीत गोळा गिळलेला, आणि तिचं स्वतःचं केंद्रक कडेला दाबलं गेलेलं. गिळलेला तो गोळा दुसऱ्या एका पेशीचं केंद्रक होतं. ही 'एलई सेल'. आपल्याकडच्या मेडिकल कॉलेजांतल्या जुन्या पॅथॉलॉजिस्टांनी ती शोधण्यात उमेदीचे तासन्‌तास घालवले : रक्त गोठवायचं, गुठळी जाळीवर चुरायची, उबेत ठेवायचं, काचेवर पसरायचं आणि डोळे फुटेस्तोवर सूक्ष्मदर्शकात पाहायचं. सापडली तर खूण पक्की, सापडली नाही तर काहीच पक्कं नाही. त्याच मेयोत, त्याच वर्षी सप्टेंबरात, फिलिप हेंच यांनी संधिवातानं जखडलेल्या एका बाईला कॉर्टिझोन टोचलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. मावशीला दिलेल्या गोळ्या त्याच घराण्यातल्या.

मुंबईतही या इतिहासाचं एक पान लिहिलं गेलं. १९४५ मध्ये केंब्रिजच्या रॉबिन कूम्ब्स यांनी, मोरंट आणि रेस यांच्याबरोबर, रक्तपेशींना गुपचूप चिकटून बसलेली प्रतिपिंडं उघडकीला आणणारी चाचणी काढली. पुढच्याच वर्षी बुअरमन, डॉड आणि लाउटिट यांनी तिच्यामुळे जन्मजात रक्तक्षय आणि शरीर स्वतःच्या पेशी फोडतं तो रक्तक्षय वेगळे करून दाखवले. डोनाट आणि लँडस्टायनरना जे अपवाद म्हणून दिसलं होतं, ते आता कुठल्याही रक्तपेढीत पाहता येत होतं. त्याच रेस यांचं नाव १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मधल्या एका लेखावर परळच्या डॉक्टरांच्या बरोबरीनं दिसतं. केईएम आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातले डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. देशपांडे, डॉ. भाटिया यांनी एक असा रक्तगट शोधला होता जो ए, बी, ओ कशातच बसेना. तो जगभर 'बॉम्बे' नावानं ओळखला जातो. त्या कामाच्या बळावर १९५७ मध्ये आयसीएमआरनं मुंबईत ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटर सुरू केलं. आज केईएमच्या आवारात ते राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था म्हणून उभं आहे. रक्तगट पाहणारी माणसं तिथं पुढे ल्यूपसच्या प्रतिपिंडांवर काम करू लागली. मला हा प्रवास स्वाभाविक वाटतो. आपलं कोण आणि परकं कोण हे रक्त कसं ओळखतं, हाच तर दोन्हीकडचा प्रश्न.

आणि १९५७ हेच वर्ष एएनएचंही, म्हणजे पेशींच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडं दाखवणाऱ्या चाचणीचंही. अमेरिकेत जॉर्ज फ्रिऊ, इंग्लंडात होलबरो यांनी पेशींच्या काचेवर रुग्णाचं सीरम घातलं, वरून चमकणारा रंग बांधलेलं दुसरं सीरम घातलं आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. ल्यूपसच्या रुग्णाचं सीरम असलं की पेशींची केंद्रकं हिरवी उजळायची. आधी उंदरा-घुशींच्या यकृताचे काप वापरत. पुढे काचेवर वाढवलेल्या माणसाच्या पेशी आल्या, त्यांचं नाव हेप-२. या पेशी कुणा रुग्णाच्या घशाच्या कॅन्सरमधून आल्या अशी नोंद होती. नंतर निष्पन्न झालं की प्रयोगशाळेतल्या भेसळीमुळे त्या मुळात हेला पेशी आहेत. म्हणजे हेन्रिएटा लॅक्सच्या. व्हर्जिनियातल्या तंबाखूच्या शेतात राबलेली ही काळी बाई. १९५१ मध्ये मूर यांच्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये तिच्या गर्भाशयमुखाच्या गाठीचा तुकडा तिला न विचारता काढून ठेवला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात ती गेली. तिच्या पेशी मात्र थांबल्या नाहीत. आज मेळघाटातल्या एखाद्या बाईचं सीरम अमरावतीहून मोठ्या शहरातल्या लॅबला जातं, तेव्हा ते बहुधा हेन्रिएटाच्या पेशींवर ओततात. तिलाही कुणी काही विचारलं नव्हतं. मावशीचं एसटीतलं वाक्य मला हे वाचताना आठवलं.

एएनएच्या रिपोर्टवर १:८०, १:३२० असे आकडे असतात. ताकात पाणी घालत जावं, निम्मं, मग त्याच्या निम्मं, आणि कितव्या वेळेपर्यंत आंबट लागतं ते पाहावं, तसा हा हिशोब. सीरम पातळ करत जायचं आणि शेवटचं उजळणं कुठं दिसतं ते लिहायचं. पण उजळणं म्हणजे आजार नव्हे. १९९७ मध्ये एंग टॅन आणि अनेक देशांतल्या पंधरा प्रयोगशाळांनी निरोगी माणसांचं रक्त तपासलं. १:४० ला शंभरातले ३१.७ निरोगी पॉझिटिव्ह निघाले, १:८० ला १३.३, १:१६० ला ५, आणि १:३२० लाही ३.३. ही माणसं घरी धडधाकट होती. म्हणून पुढची पायरी लागते : डीएनएविरुद्धची प्रतिपिंडं, एसएम, रो, ला. एसएम ही टॅन आणि हेन्री कुंकेल यांनी १९६६ मध्ये ज्या रुग्णाच्या रक्तात हे प्रतिपिंड ओळखलं तिच्या आडनावाची अक्षरं आहेत. रो आणि ला यांच्या मागेही रुग्णच आहेत. संधिवातासाठी १९९८ नंतर सीसीपी ही चाचणी आली, आरए फॅक्टरहून कितीतरी नेमकी. पण क्षयाच्या काही रुग्णांत तीही पॉझिटिव्ह येते.

हिवतापाची गोष्ट सांगितल्याशिवाय मेळघाटाचा माणूस पुढे जाऊ शकत नाही. १९६८ मध्ये नायजेरियातल्या इबादानमध्ये ब्रायन ग्रीनवूड नावाच्या तरुण डॉक्टरला आढळलं की तिथल्या वॉर्डांत संधिवात आणि ल्यूपस फारच क्वचित दिसतात. त्यांनी अंदाज बांधला की लहानपणापासूनचा हिवताप शरीराच्या प्रतिकाराला वेगळं वळण लावत असावा. पुढे ल्यूपससारखा आजार होणाऱ्या उंदरांना हिवतापाची लागण करून पाहिली तेव्हा त्यांचा आजार थोपला. गंमत अशी की त्याच देशांत रक्ताच्या चाचण्या मात्र भराभर पॉझिटिव्ह येत होत्या. आजार कमी, चाचणी जास्त. नातं इथंच संपत नाही. हिवतापावरचं मेपाक्रिन ल्यूपसला उतार देतं हे फ्रान्सिस पेज यांनी १९५१ मध्ये छापलं. त्याच्याच घरातलं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आज ल्यूपसच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाला देतात. क्लोरोक्विनच्या कडू गोळीची चव धारणीत पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. तिचीच बहीण दुसऱ्या आजारात कामाला येते हे मी मावशीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग ते त आपलीच गोळी आहे."

विचारण्याचं मोल दाखवणारं एक काम आपल्याच राज्यात झालं. १९९६ मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांची माणसं इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला गेली. गावातली माणसं हाताशी घेऊन त्यांनी घरोघर चार हजारांवर प्रौढांना आधी विचारलं : कुठं दुखतं? मग दुखणाऱ्यांना तपासलं. रक्त गरज पडली तिथं, आणि सगळ्यात शेवटी. जवळजवळ अठरा टक्के माणसांना हाडं-सांधे-स्नायूंची दुखणी होती, खरा संधिवात मात्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास. सगळ्या गावाची आधी लॅटेक्स चाचणी केली असती तर किती जणांच्या हाती जन्मभराच्या गोळ्या पडल्या असत्या, असं ते आकडे वाचताना माझ्या मनात आलं.

मावशीला चार महिने गोळ्यांनी बरं वाटलं. सूज उतरली, ताप गेला. गोळी कमी केली की पुन्हा सगळं परत. मग बोटांना मुंग्या यायला लागल्या. चुलीवरची भाकरी उलटताना करंगळी भाजली आणि तिला ते कळलंच नाही, फोड दिसला तेव्हा कळलं. तो फोड पाहून एका तरुण डॉक्टरबाईंनी तिला स्टुलावर बसवलं आणि कागद न पाहता विचारायला सुरुवात केली. कधीपासून, कुठून, काय केलं की वाढतं. चोळीची बाही वर करायला लावली. दंडावर एक फिकट चट्टा होता, रुपयाहून थोडा मोठा. मावशी म्हणाली, तो जुनाच आहे, खाजत नाही, दुखत नाही. बाईंनी कापसाचं टोक पिळून बारीक केलं, मावशीला डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाल्या, "मी लावीन तिथं बोट ठेवा, आई." मनगटावर लावलं, मावशीनं बोट ठेवलं. खांद्यावर लावलं, ठेवलं. चट्ट्यावर लावलं. मावशी डोळे मिटून वाट पाहत बसली. मग बाईंनी कोपराच्या आतल्या बाजूला चाचपलं आणि माझं बोट धरून तिथं ठेवलं. कातडीखाली सुतळीसारखी जाड शीर लागत होती.

कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन काचेवर घेतलेल्या नमुन्यात जंतू सापडले. सांध्यांची सूज ही कुष्ठाचीच एक उसळी होती. पहिल्या गोळ्यांनी ती उसळी दाबली आणि मूळ आजार झाकला. आरए फॅक्टर खोटा नव्हता, तो मावशीच्या रक्तात होताच. १९०६ नंतर कुष्ठाच्या हजारो माणसांचं रक्त जसं बोललं होतं, तसंच हेही बोललं.

औषध फुकट मिळालं, बारा महिन्यांचं, दर महिन्याला एक पाकीट. पहिल्या दिवशीच्या गोळ्या डॉक्टरांसमोर घ्यायच्या, मग लघवी लाल होते, घाबरायचं नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कातडी काळवंडली. शेजारणींनी विचारलं तर मावशी सरळ सांगायची की कुष्ठ झालं होतं, आता औषध घेते, कोणाले लागत नाही. दोघी-तिघींनी पाण्याचा ग्लास वेगळा ठेवला. एक कोरकू म्हातारी, जिच्याशी मावशीचं वीस वर्षांचं येणंजाणं, ती मात्र रोज संध्याकाळी येऊन तिच्या शेजारी बसायची आणि तिच्या करंगळीला तेल चोळायची.

बाराव्या पाकिटाच्या दिवशी मी धारणीत होतो. मावशीनं रिकामी पाकिटं एकावर एक ठेवून दोऱ्यानं बांधली होती. लॅबचा तो जुना कागदही तिनं जपून ठेवला होता, पाकिटांच्या खाली. मी म्हटलं, हा कशाला? ती म्हणाली, "ठेव. पुढच्या डाक्तरले दाखवजो. पन आंधी त्याले मले इचारू दे."